कोचला नारळ, आणि रागाचा पत्ता

27 फेब्रुवारी 2017, सोमवारची रात्र. लेस्टरच्या किंग पॉवर स्टेडियममध्ये लेस्टर सिटी लिव्हरपूलविरुद्ध 3-0 ने पुढे होती. सामन्याचं 65 वं मिनिट सुरू झालं आणि स्टँडमधल्या लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावून हात वर केले. 65 च का? तर क्लाउदिओ रानिएरी यांचं वय 65 होतं म्हणून. रानिएरी स्वतः तिथे नव्हते. चार दिवसांपूर्वी, 23 फेब्रुवारीला, क्लबने त्यांना नारळ दिला होता.

म्हणजे बघा, ज्या माणसाला काढलं म्हणून गावभर सुतक होतं, त्याला काढल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात टीम त्या सीझनमधला सगळ्यात भारी खेळ खेळत होती. लोक गोलवर गोल साजरे करत होते. आणि त्याच आनंदात, तेच लोक टॉर्च लावून त्या गेलेल्या माणसाला सलाम करत होते.

हे आभार होते की निषेध? निषेध असेल, तर कुणाचा? मालकाचा, खेळाडूंचा, की नशिबाचा?

फुटबॉल बघणाऱ्या कुणालाही कोच काढल्याचं नोटिफिकेशन नवीन नाही. दर सीझनला दहा-बारा तरी येतात. फॅन चिडतात, रडतात, मीम करतात आणि पुढच्या शनिवारी परत मॅच लावतात. पण हा राग नेमका कुणाकडे जातो, हे मागे जाऊन तपासलं तर एक वेगळाच इतिहास दिसतो. गेल्या पन्नास वर्षांत फॅनच्या रागाचा पत्ता बदलत गेला आहे. तो कसा बदलला, ते सांगायला इंग्लंडमधली दोन शहरं पुरेशी आहेत. डर्बी आणि लेस्टर. एकमेकांपासून जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर.

आधी कोच नावाचा माणूसच नव्हता

इंग्लंडमध्ये कोचला 'मॅनेजर' म्हणतात, आणि हे पद वाटतं तितकं जुनं नाही. सुरुवातीच्या क्लबांमध्ये टीम निवडायचं काम संचालकांची कमिटी करायची. गावातले कारखानदार, व्यापारी, दारूच्या धंद्यातले लोक आठवड्यातून एकदा टेबलाभोवती बसायचे आणि शनिवारी कोण खेळणार ते ठरवायचे. अ‍ॅस्टन व्हिला हा एवढा मोठा क्लब, पण त्यांचा पहिला मॅनेजर आला तो 1934 मध्ये. तोपर्यंत सगळा कारभार कमिटीचा.

हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये पहिलं मोठं नाव हर्बर्ट चॅपमन यांचं. 1920 च्या दशकात आधी हडर्सफील्डमध्ये आणि मग आर्सेनलमध्ये त्यांनी टीमची निवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी असं सगळं आपल्या हातात घेतलं. आर्सेनल जिंकत सुटलं, तसं बाकीच्या क्लबांनाही कळलं की एका जाणकार माणसाच्या हाती सूत्रं दिलेली बरी.

यात संचालकांचा आणखी एक फायदा झाला. कमिटी टीम निवडत होती तेव्हा हरल्यावर शिव्या कमिटीलाच खाव्या लागायच्या. मॅनेजर आल्यावर शिव्या खाणारा एक पगारी माणूस मिळाला. पैसा संचालकांचा, सत्ता संचालकांची, आणि चेहरा मात्र मॅनेजरचा. फॅनला दर शनिवारी मैदानाच्या कडेला उभा दिसतो तो मॅनेजर. टीम जिंकली तर प्रेम त्याच्यावर, हरली तर रागही त्याच्यावर. वीज कोसळली की इमारत वाचावी म्हणून गच्चीवर लोखंडी सळई लावतात ना, तसंच काहीसं हे पद झालं.

पण या व्यवस्थेत एक अडचण होती. सळईवरच लोकांचा जीव जडला तर?

डर्बी, 1973 : राग थेट दारात

ब्रायन क्लफ 1967 मध्ये डर्बी काउंटीत आले, सोबत त्यांचे सहकारी पीटर टेलर. क्लब तेव्हा सेकंड डिव्हिजनमध्ये रखडलेला. दोन वर्षांत ती डिव्हिजन जिंकून डर्बी वर आली आणि 1972 मध्ये चक्क इंग्लंडची चॅम्पियन झाली. 1973 मध्ये युरोपियन कपच्या सेमीफायनलला गेली, तिथे युव्हेंटसकडून हरली.

डर्बीसाठी याचा अर्थ काय होता, ते कळायला शहराची तेव्हाची अवस्था बघावी लागते. डर्बी हे रोल्स-रॉइसचं गाव. विमानांची इंजिनं बनवणारी ती कंपनी फेब्रुवारी 1971 मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि सरकारला ताब्यात घ्यावी लागली. घरटी कुणीतरी त्या कारखान्याशी जोडलेलं. पुढच्याच वर्षी याच गावाची टीम देशात पहिली आली, आणि ती आणली एका तोंडाळ, हुशार, कुणाला न घाबरणाऱ्या माणसाने.

तोंडाळपणाच अखेर नडला. क्लफ टीव्हीवर जायचे, पेपरात कॉलम लिहायचे, फुटबॉल चालवणाऱ्या बड्या मंडळींची जाहीर सालं काढायचे. क्लबचे अध्यक्ष सॅम लाँगसन यांना ते खपेना. लाँगसन हे तिथल्याच पट्ट्यातले ट्रकवाहतुकीच्या धंद्यातून वर आलेले गृहस्थ. एके काळी क्लफवर मुलासारखी माया करणारे. त्यांनी तोंडाला लगाम घालायला सांगितलं, क्लफनी ऐकलं नाही. 13 ऑक्टोबर 1973 ला डर्बीने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर 1-0 ने हरवलं आणि दोनच दिवसांनी क्लफ-टेलर जोडीने राजीनामे दिले. संचालकांनी ते स्वीकारले. कागदावर राजीनामा होता, पण गावाच्या दृष्टीने संचालकांनी त्यांना घालवलं होतं.

मग जे झालं ते आजच्या फॅनला अजब वाटेल. खेळाडूंनी क्लफना परत आणा म्हणून संचालकांना पत्र दिलं, संपावर जाण्याची भाषा केली. इंग्लंडमध्ये त्या काळात संप ही रोजची गोष्ट होती, आदल्याच वर्षी खाणकामगारांच्या संपाने देश अंधारात गेला होता. फॅननी 'डर्बी काउंटी प्रोटेस्ट मूव्हमेंट' नावाची रीतसर चळवळ उभी केली. सभा झाल्या, मोर्चे निघाले, फलक रंगले. मागणी सरळ होती. क्लफना परत आणा, संचालकांनी घरी जावं.

20 ऑक्टोबरला डर्बीचा घरच्या मैदानावर सामना होता, आणि समोर टीम होती लेस्टर सिटी. क्लफ त्या सामन्याला प्रेक्षक म्हणून आले. स्टँडमध्ये उभे राहून त्यांनी हात हलवला, मैदान त्यांच्या नावाने दणाणलं, आणि थोड्याच वेळात ते एका टीव्ही कार्यक्रमासाठी लंडनला निघून गेले. डर्बी तो सामना 2-1 ने जिंकली.

या सगळ्यात रागाचा पत्ता पक्का होता. मालक म्हणजे परग्रहावरचा कुणी नव्हता. त्याचं घर माहीत होतं, धंदा माहीत होता, मैदानात त्याची खुर्ची दिसत होती. फॅनला वाटलं तर तो जाऊन त्याला तोंडावर सुनावू शकत होता, आणि लोकांनी सुनावलंही.

तरीही चळवळ हरली. संचालक हलले नाहीत. त्यांनी एक शहाणपणाची खेळी केली. क्लफच्याच टीमचे जुने कॅप्टन, गावाचे लाडके डेव्ह मॅके यांना मॅनेजर म्हणून आणलं. मॅकेंना शिव्या कशा घालणार? ज्यांनी या टीमसाठी गुडघे फोडून घेतले, त्यांनाच परकं कसं म्हणणार? हळूहळू धग कमी झाली. त्या सीझनला डर्बी तिसरी आली आणि 1975 मध्ये मॅकेंच्या हाताखाली पुन्हा चॅम्पियन झाली. त्यानंतर दीड वर्षात, नोव्हेंबर 1976 मध्ये, मॅकेंनाही नारळ मिळाला.

क्लफ फिरत फिरत शेजारच्याच नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये पोहोचले आणि डर्बीच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी 1978 मध्ये लीग, 1979 आणि 1980 मध्ये युरोपियन कप जिंकून दिला. डर्बीतल्या माणसाला हे बघताना काय वाटलं असेल, याची नुसती कल्पना करा.

चेल्सी, 2015 : वड्याचं तेल वांग्यावर

आता चाळीस वर्षं पुढे येऊ. मधल्या काळात फुटबॉलचं अर्थकारण उलटंपालटं झालं. 1992 मध्ये प्रीमियर लीग आली, टीव्हीचा पैसा आला, आणि गावातल्या ट्रकवाल्या शेठजींच्या जागी देशोदेशीचे अब्जाधीश आले. 2003 मध्ये रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतली. त्यांचा आवाज ऐकलेले फॅन विरळा. मुलाखती नाहीत, पत्रकार परिषदा नाहीत.

2004 मध्ये याच अब्रामोविचनी ज्या मॅनेजरला काढलं ते होते क्लाउदिओ रानिएरी. चेल्सीला लीगमध्ये दुसरं आणि चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलपर्यंत नेऊनही ते गेले. त्यांच्या जागी आले होजे मोरिन्यो. मोरिन्यो जिंकले, गेले, परत आले, मे 2015 मध्ये पुन्हा लीग जिंकले. आणि सातच महिन्यांत चेल्सी 16 व्या क्रमांकावर घसरली. 14 डिसेंबर 2015 ला ते एक सामना 2-1 ने हरले आणि तीन दिवसांनी मोरिन्योंना डच्चू मिळाला. तो शेवटचा सामना होता लेस्टरविरुद्ध, आणि लेस्टरचे मॅनेजर होते रानिएरी. असा योगायोग कथेत घातला असता तर संपादकाने काढून टाकायला सांगितलं असतं.

19 डिसेंबरला चेल्सीचा पुढचा सामना होता सुंदरलँडशी. स्टेडियममध्ये मोरिन्योंच्या नावाचा जयघोष होता. पण राग कुणावर निघाला? मालकावर नाही. कोस्टा आणि फॅब्रेगास बदली होऊन बाहेर जात असताना आपल्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. हझार्ड, फॅब्रेगास आणि कोस्टा यांना 'तीन उंदीर' म्हणणारा फलक झळकला. क्लबच्या तांत्रिक संचालकाने चेल्सीच्या स्वतःच्या टीव्ही चॅनलवर सांगितलंच होतं की मॅनेजर आणि खेळाडू यांच्यात बेबनाव होता. फॅनना हवा असलेला पत्ता त्या मुलाखतीने हातात ठेवला.

निर्णय मालकाचा, सही मालकाची, आणि शिव्या खेळाडूंना. आपल्याकडे याला वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात. पण फॅनना दोष देऊन उपयोग नाही. त्यांनी मोर्चा न्यायचा तरी कुठे? मालक कुठल्या देशात, कुठल्या बोटीवर आहे हेच माहीत नाही. आवाज जिथपर्यंत पोहोचतो तिथपर्यंतच माणूस ओरडतो.

लेस्टर, 2017 : पत्ता नसलेला राग

रानिएरींची कहाणी सुरूच एका हकालपट्टीने झाली. लेस्टरने जून 2015 मध्ये नायजेल पिअर्सन या मॅनेजरला काढलं. ज्यांनी दोनच महिन्यांपूर्वी तळाला गेलेल्या टीमला शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून वाचवलं होतं, त्यांना. त्यांच्या जागी रानिएरी येणार म्हटल्यावर लेस्टरचे जुने खेळाडू आणि टीव्हीवरचा प्रसिद्ध चेहरा गॅरी लिनेकर यांनी ट्विटरवर 'रानिएरी? खरंच?' अशा अर्थाचा शेरा मारला. कारणही होतं. नोव्हेंबर 2014 मध्ये ग्रीसची टीम घरच्या मैदानावर फॅरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून हरली आणि ग्रीसने रानिएरींना काढलं. फुटबॉलमधला रिजेक्ट झालेला माल, असंच मत होतं.

पुढचं बहुतेकांना पाठ आहे. सट्टेबाजांनी लेस्टरला दिलेला भाव एकास पाच हजार. जेमी व्हार्डी, जो काही वर्षांपूर्वी खालच्या लीगमध्ये खेळत कारखान्यात काम करायचा. रियाद माहरेझ. सगळीकडे एकाच वेळी असल्यासारखा एन्गोलो कान्ते. 2 मे 2016 च्या रात्री टॉटनहॅमने चेल्सीशी 2-2 अशी बरोबरी केली आणि लेस्टर चॅम्पियन झाली. 38 सामन्यांत फक्त 3 पराभव, 81 गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा 10 ने जास्त.

तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलमध्ये एका लॅपटॉपभोवती आठ-नऊ जण, हेडफोनची एक पिन आणि पहाटेपर्यंत चाललेला गोंधळ. आमच्यात लेस्टरचा फॅन एकही नव्हता. निम्मे युनायटेडचे, दोघे आर्सेनलचे. पण त्या रात्री सगळेच लेस्टरचे झाले. बॅकलॉग असलेल्या पोरांना ही गोष्ट फार जवळची वाटली होती.

पुढच्या सीझनला कान्ते चेल्सीत गेला आणि लेस्टरचा गाडा रुतला. चॅम्पियन्स लीगमध्ये टीम गटात पहिली आली, पण घरच्या लीगमध्ये 25 सामन्यांत 21 गुण. 2017 उजाडल्यापासून लीगमध्ये एक गोल नाही. 7 फेब्रुवारीला क्लबने जाहीर केलं की रानिएरींना आमचा अढळ पाठिंबा आहे. फुटबॉलमध्ये असा पाठिंबा जाहीर झाला की शहाणा माणूस बॅग भरायला घेतो. 22 फेब्रुवारीला सेव्हियात 2-1 ने हार झाली, आणि 23 ला निरोप. टीम 17 व्या क्रमांकावर, रेलिगेशनपासून एका गुणाच्या अंतरावर. विजेतेपदाला नऊ महिने झाले होते.

रानिएरींनी एक छोटं निवेदन काढलं. काल माझं स्वप्न मेलं, असं त्यात एक वाक्य होतं. लिनेकर म्हणाले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोरिन्यो पत्रकार परिषदेत आले ते शर्टावर 'सीआर' ही क्लाउदिओ रानिएरींची आद्याक्षरं लावून. सव्वा वर्षापूर्वी ज्याच्याकडून हरून नोकरी गेली, त्याच्यासाठी.

आणि लेस्टरचे फॅन? त्यांच्यापुढचा पेच डर्बीपेक्षा अवघड होता. मालक विचाई श्रीवद्धनप्रभा थायलंडचे ड्युटी-फ्री दुकानांचे सम्राट, पण अब्रामोविचसारखे अदृश्य नव्हते. हेलिकॉप्टरने सामन्याला यायचे, सामन्यानंतर मैदानातूनच परत उडायचे. वाढदिवसाला स्टेडियममधल्या लोकांना बिअर आणि डोनट फुकट वाटायचे. शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी त्यांनी 20 लाख पौंड देऊ केले होते. 2010 मध्ये क्लब त्यांनी घेतला नसता तर हे स्वप्न पडलंच नसतं. आता अशा माणसावर रागावणार कसं? निवेदनात त्यांनी हा आमच्या सात वर्षांतला सगळ्यात कठीण निर्णय आहे असं म्हटलं आणि बहुतेकांना ते खरंही वाटलं.

मग खेळाडूंकडे बोटं गेली. सेव्हियातल्या पराभवानंतर काही खेळाडू मालकांशी बोलले, अशा बातम्या पसरल्या. लोक त्यांना साप म्हणू लागले. व्हार्डीने हे सगळं खोटं असल्याचं सांगितलं, आपल्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्याचंही सांगितलं. चेल्सीतले उंदीर लेस्टरला येईपर्यंत साप झाले होते.

पण चारच दिवसांनी त्याच सापांनी लिव्हरपूलला 3-1 ने हरवलं. व्हार्डीचे दोन गोल. रानिएरींचे सहायक क्रेग शेक्सपिअर तात्पुरते मॅनेजर होते, त्यांनी लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले. टीम 12 वी आली, चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनललाही गेली. मालकावर राग धरवत नाही, खेळाडूंवरचा राग पहिल्या गोलसरशी विरघळतो, रेलिगेशन तर कुणालाच नको. अशा वेळी माणूस काय करणार? खिशातला मोबाइल काढून टॉर्च लावणार. 65 व्या मिनिटाचे ते दिवे कुणाच्याच विरोधात नव्हते. ज्या रागाला जायला पत्ता उरला नाही, त्याचा तो उजेड झाला होता.

आकडे काय म्हणतात

माझ्यातला इंजिनिअर इथे हात वर करतो. शेक्सपिअरनी पाच सामने जिंकले, म्हणजे निर्णय बरोबर होता, नाही का?

नेदरलँड्समधल्या बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञांनी डच लीगचे 1986 ते 2004 या काळातले निकाल घेऊन याचा अभ्यास केला. त्यांनी एक साधी युक्ती केली. टीमची कामगिरी घसरल्यावर ज्यांनी कोच काढला ते क्लब एका बाजूला, आणि तशीच घसरण होऊनही ज्यांनी कोच ठेवला ते दुसऱ्या बाजूला. तुलना केली तर दोन्हीकडची टीम जवळपास सारखीच सावरलेली दिसली. म्हणजे घसरण तळाला पोहोचली की टीम बहुतेक वेळा आपोआप वर येते. कोच काढला तर श्रेय काढण्याला मिळतं, नाही काढला तर संयमाला.

सर्व्हर अडकला की आम्ही तो रिस्टार्ट करतो. बऱ्याचदा चालू होतो. मूळ बग तसाच असतो, पण सगळ्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. क्लबमध्ये पंचवीस खेळाडू एका दिवसात बदलता येत नाहीत, मालक स्वतःला बदलत नाही, प्रेक्षक तर बदलताच येत नाहीत. उरतो एक माणूस, म्हणून तो बदलला जातो.

हे फक्त फुटबॉलमध्ये होतं असं नाही. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे आमच्या टीम लीडला असंच काढलं. आदल्या वर्षी त्याच प्रोजेक्टसाठी त्यांना स्टेजवर बोलावून ट्रॉफी दिली होती. पुढच्या दोन तिमाही आकडे खाली आले आणि एका मंगळवारी सकाळी मेल आला. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, ते दुसऱ्या खंडात होते. दुपारी कँटीनमध्ये शिव्या खाल्ल्या त्या एचआरच्या मुलीने, जिच्या हातात काहीच नव्हतं. तीन वाजता नेहमीची मीटिंग झाली. पुढच्या महिन्यात रिलीज वेळेवर गेली, आम्ही केकही कापला. ज्या मॉड्यूलवर ते रात्र रात्र बसले होते त्याच्या कोडच्या इतिहासात त्यांचं नाव ओळीओळीला आहे. ते काढायची परवानगी कुणालाच नाही, मालकालाही नाही.

केक कापताना आमच्यापैकी कुणी ढोंग करत होतं असं मला वाटत नाही. लेस्टरचे लोकही करत नव्हते. पोट भरणं आणि कृतज्ञ असणं या दोन गोष्टी माणूस एकाच वेळी करू शकतो.

मत असलं तरी

कुणी म्हणेल, फॅनच्या हातात मत दिलं तर राग योग्य जागी जाईल. रेआल माद्रिदमध्ये क्लबचे सभासदच अध्यक्ष निवडतात. तिथे जून 2003 मध्ये व्हिसेन्ते देल बॉस्के यांनी लीग जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना कळवण्यात आलं की करार वाढणार नाही. साडेतीन वर्षांत दोन लीग आणि दोन चॅम्पियन्स लीग देणारा हा माणूस. अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझ यांना अधिक आधुनिक कोच हवा होता. पुढच्या वर्षी पेरेझ निवडणुकीला उभे राहिले आणि प्रचंड बहुमताने निवडून आले. माद्रिदला पुढची लीग मिळाली ती 2007 मध्ये. देल बॉस्केंनी 2010 मध्ये स्पेनला वर्ल्ड कप जिंकून दिला.

तेव्हा मत हाती असून भागत नाही. राग कुठे न्यायचा याचा विचार फॅनना आधीपासून करून ठेवावा लागतो. आपल्याकडे केरळमध्ये तसं झालेलं दिसतं. डिसेंबर 2024 मध्ये केरला ब्लास्टर्स हरत सुटली होती, 12 सामन्यांत 11 गुण. 'मंजप्पडा' या त्यांच्या फॅन संघटनेने जाहीर केलं की आमचा राग व्यवस्थापनावर आहे, म्हणून आम्ही तिकिटं घेणार नाही. त्यानंतर क्लबने स्वीडनचे कोच मिकाएल स्टारे यांना काढलं. मागितलं होतं उत्तर, मिळाला नेहमीचा नारळ. पण यावेळी पत्ता आधीच लिहून झाला होता, त्यामुळे कोच गेल्यावर प्रश्न मिटला असं कुणाला वाटलं नाही. 1973 च्या डर्बीनंतर इतका स्वच्छ पत्ता मला दुसरीकडे सापडला नाही.

पुतळे कुणाचे

डर्बी आणि नॉटिंगहॅम यांना जोडणाऱ्या रस्त्याला 2005 मध्ये ब्रायन क्लफ यांचं नाव दिलं. 2010 मध्ये डर्बीच्या स्टेडियमबाहेर क्लफ आणि टेलर यांचा पुतळा उभा राहिला. 1973 ची चळवळ हरली, पण पुढच्या पिढ्यांनी कुणाची आठवण ठेवायची हे अखेर चळवळीतल्या लोकांनीच ठरवलं. लाँगसन यांचं नाव आज येतं ते क्लफच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून.

लेस्टरची गोष्ट वेगळी संपली. 27 ऑक्टोबर 2018 ला सामन्यानंतर विचाईंचं हेलिकॉप्टर स्टेडियमबाहेरच कोसळलं. त्यांच्यासह पाचही जण गेले. स्टेडियमबाहेर फुलांचा, मफलरींचा, जर्सींचा खच पडला. ज्यांनी पावणेदोन वर्षांपूर्वी रानिएरींसाठी टॉर्च लावले होते, तेच लोक आता त्यांना काढणाऱ्या मालकासाठी रांगेत उभे राहून रडत होते. 2022 मध्ये तिथे विचाईंचा पुतळा उभा राहिला.

यात विसंगती बघणाऱ्यांनी जरा थांबावं. लेस्टरच्या माणसाला एक अशक्य वर्ष मिळालं, आणि ते देणाऱ्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला घालवलं. त्याने दोघांचंही ऋण मान्य केलं. कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे त्याला कधीच कुणी विचारलं नाही. ऋण कुणाचं मानायचं, एवढंच त्याच्या हातात होतं, आणि त्यात त्याने कंजुषी केली नाही.

पण या औदार्याचा फायदा मालक घेतात, हेही दिसतंय. फॅन दोन-तीन सामन्यांत निवळतो हे त्यांना ठाऊक असतं. टॉर्च लावणं चांगलंच, पण टॉर्चने कुणाची खुर्ची हलत नाही. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या टीमचा कोच गेला की टाइमलाइनवर एखाद्या खेळाडूला साप म्हणण्याआधी एवढंच बघा, की सही कुणाची होती.

नोव्हेंबर 2021 मध्ये रानिएरी लेस्टरला परत आले, वॉटफर्डचे मॅनेजर म्हणून. बर्फ पडत होता. वॉटफर्ड 4-2 ने हरली, पण किंग पॉवरच्या लोकांनी पाहुण्या टीमच्या त्या मॅनेजरसाठी टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांनी, जानेवारी 2022 मध्ये, वॉटफर्डने त्यांना काढलं.